दिवसाला पन्नास मापं

१७ जानेवारी

डाएटिशियनने ही वही दिली आणि बजावलं, "काय प्यायलात, किती आणि कधी, सगळं लिहायचं." पानाच्या पुढच्या बाजूला तिचे रकाने, मागची बाजू कोरी. कोरा कागद मला बघवत नाही, म्हणून मागची बाजू माझी. तिने वाचली तर वाचली.

आजवरची हकीकत अशी. वय एकोणपन्नास, वजन एकशे अठरा. नऊ तारखेला ऑपरेशन झालं. जठराचा मोठा भाग काढून टाकला, उरलंय ते केळ्याएवढं. आता पाणी औषधाच्या मापाने प्यायचं. तीस मिलीचं एक माप, ते पंधरा मिनिटांत, घोट घोट. अशी दिवसाला पन्नास मापं, म्हणजे दीड लिटर. घटाघटा नाही, स्ट्रॉ नाही, सोडा नाही. जेवणाच्या आधी अर्धा तास नाही, जेवताना नाही, नंतरही अर्धा तास नाही. मी विचारलं, "मग प्यायचं कधी?" तर म्हणाली, "उरलेला सगळा वेळ."

मी बाटली तोंडाला लावली की ती रिकामी करूनच खाली ठेवणारी बाई. आता बाटलीच्या झाकणातून पाणी प्यायचं म्हणजे हत्तीला मुंगीच्या पंगतीत बसवल्यासारखं झालं. त्यात तहान म्हणून लागत नाही. भूक जाईल असं सांगितलं होतं, पण तहानही तिचा हात धरून गेली. घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी बाथरूमच्या दारात चक्कर येऊन बसले. पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाईन. सर्जनने स्पष्ट सांगितलं, "अंगात पाणी कमी पडलं तर कामावर जायचं विसरा. कागदावर सही करणार नाही मी."

काम म्हणजे माझी खुर्ची. मी चहाच्या कंपनीत टेस्टर आहे, चोवीस वर्षं. पंधरा मार्चला नव्या हंगामाचं ब्लेंड ठरतं आणि ते मी ठरवते. सध्या त्या खुर्चीत चष्मेवाली बसते. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, हुशार, विनयशील. तिच्यात खोट काढायला जागा नाही याचाच मला राग येतो.

आज एकवीस मापं झाली.

१९ जानेवारी

सासूबाई आल्या. राहतात माझ्या धाकट्या दिराकडे, दुसऱ्या गावी. वर्षातून चार दिवस येतात आणि पाचव्या दिवशी परततात, कारण "इथे माझी मशीन नाही." चाळीस वर्षं कपडे शिवले त्यांनी. या खेपेला मशीनच बरोबर आणलीय. नवऱ्याने ती गॅलरीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता लायब्ररीत कामाला निघून गेला. म्हणजे चार दिवसांचा मामला नाही.

सतरा मापं.

२१ जानेवारी

आपल्याला वाटतं आपलंच दुखणं मोठं. सासूबाईंचंही तेच आहे म्हणे. सकाळी मी माप हातात घेऊन तोंड वाकडं करत बसले होते, तर म्हणाल्या, "मलाही हल्ली पाणी उतरत नाही गं. तिकडच्या डॉक्टरांनी दीड लिटर सांगितलंय. पण एकटीने बसून प्यायचं म्हणजे शिक्षा."

"मग आई, तुम्ही पीतच नाही?"

"कोणी समोर बसलं तर पिते. तू बसशील? तू घेतलंस की मी घेते."

आता पंचाहत्तर वर्षांच्या बाईला नाही कसं म्हणायचं? मी माझ्यासारखंच एक माप त्यांना दिलं. फोनवर दर पंधरा मिनिटांनी घंटा लावली. घंटा झाली की मी घोट घेते, मग त्या घेतात. मी टाळाटाळ केली की त्याही माप खाली ठेवतात आणि हातातल्या टाक्यांकडे बघत बसतात. शेवटी त्यांच्यासाठी मला प्यावंच लागतं. स्वतःचं ऑपरेशन झालेलं असताना दुसऱ्याच्या पाण्याची काळजी करायची, हे माझ्याच नशिबी.

बत्तीस मापं झाली. त्यांचीही बत्तीस.

२४ जानेवारी

आज चुकले. सकाळी जाग आली, उशाशी बाटली होती, आणि हाताने हाताचं काम केलं. दोन मोठे घोट गेले असतील. छातीच्या मधोमध कोणी मूठ आवळावी तसं झालं. बेसिनपर्यंत पोचले एवढंच. दहा मिनिटं घामाघूम होऊन उभी होते.

सासूबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "जुनी सवय आहे, जाता जाईना. मीसुद्धा नवी मशीन घेतली तेव्हा महिनाभर पाय जुन्याच जागी टाकत होते." मग मोठी बाटली उचलून घेऊन गेल्या. ती पुन्हा दिसली नाही.

२९ जानेवारी

फिल्टरची टाकी दुपारपर्यंत अर्धी होते. सकाळी मी स्वतः भरलेली बघते. मी पन्नास मापांची बाई, सासूबाई माझ्या बरोबरीच्या, नवरा दिवसभर बाहेर. मग पाणी जातं कुठे? आज प्लंबरला बोलावलं. त्याने नळ उघडला, खालचा पाइप हाताने चाचपला आणि म्हणाला, "गळत काही नाही बाई. घरात कोणीतरी पितंय."

"कोण पिणार? आमच्या घरात पाणी कोणाला उतरतच नाही."

सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या, "हवेने आटत असेल."

अजून एक. त्या उठसूट बाथरूमला जातात. एवढंसं पिऊन एवढं होतं कसं? वय झालं की असं होत असावं. त्यांच्या डॉक्टरांना विचारायला हवं.

६ फेब्रुवारी

जीभ घाबरवते आहे. गेले काही दिवस साधं पाणी लोखंडी लागतंय. टेस्टरची जीभ गेली म्हणजे सोनाराचा तराजू गेला. घाबरून घरी बसण्यापेक्षा काम केलेलं बरं, म्हणून टेबलावर सहा पाणी मांडली. थंड, कोमट, उकळून गार केलेलं, लिंबाचे दोन थेंब टाकलेलं, पुदिन्याचं पान घातलेलं, चिमूटभर मिठाचं. मी पाठ फिरवली, सासूबाईंना मापं अदलाबदल करायला लावलं आणि मग सगळी ओळखली. सहापैकी सहा. उकळलेलं मेलेलं लागलं, थंड तिखट, कोमट पाण्याला लोखंडाचा वास. लिंबाचं उत्तम.

सासूबाई बघतच राहिल्या. "पाण्यात एवढं असतं?"

"सगळ्यात असतं, आई."

"आणि याचा तुला पगार मिळतो? चहा प्यायचा?"

चोवीस वर्षं त्यांची हीच समजूत आहे की सून खुर्चीत बसून चहा पिते आणि महिन्याअखेर पगार घेते. आता काय सांगायचं. हसले.

लिंबाच्या पाण्याने आज एकेचाळीस मापं झाली.

१२ फेब्रुवारी

पन्नास! रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी पन्नासावं माप संपलं. सासूबाईंचंही. आम्ही दोघींनी रिकामी मापं एकमेकींवर आपटली आणि नवरा म्हणाला, दारू प्यायल्यासारख्या काय करताय. "थेंबे थेंबे तळे साचे" हे ऐकवणारा हा सतरावा माणूस. पण आज राग आला नाही. मी खरंच खूश आहे. वजनही चौदा किलो उतरलंय, पण त्याचा आनंद या पन्नासापुढे काहीच नाही.

१६ फेब्रुवारी

सर्जनने सही केली, अर्ध्या दिवसापुरती. साडेआठला टेस्टिंग रूममध्ये पाय टाकला आणि पत्तीच्या वासाने डोळे भरून आले. लांब टेबल, पांढरे कप, उत्तरेकडची खिडकी, चाकांची बादली. चहा उकळून कप मांडणारी मावशी म्हणाली, "आलात? अर्ध्याच आलात की." चष्मेवालीने लगेच खुर्ची रिकामी केली. तिने ती दोन इंच वर केली होती. मी खाली केली.

आमचं काम सांगायचं तर असं. चमचाभर चहा फुर्रकन ओढायचा, टाळ्यावर फिरवायचा, बादलीत टाकायचा, पुढच्या कपाकडे जायचं. सकाळभरात एकशे वीस कप झाले. जीभ शाबूत आहे. आज मला कोणी राज्य दिलं असतं तरी नको म्हटलं असतं.

एक हिशोब लक्षात आला. चमचा दहा मिलीचा, कप एकशे वीस, म्हणजे बाराशे मिली तोंडात गेले. टाकला तरी थोडा पोटात जातोच. चोवीस वर्षं जातोय, म्हणून तर माझं पित्त. निम्मा धरला तरी सहाशे. लिहिले सहाशे. एकूण सोळाशे ऐंशी! कामावर जाऊन पाणी वाढलं, आता बोला.

२० फेब्रुवारी

वहीत पंधराशे तीस. डाएटिशियनला फोटो पाठवला, तिने अंगठा पाठवला.

घरी आल्यावर सासूबाई मापं मांडून बसल्या होत्या. म्हटलं, "आई, माझं झालंय. तुम्ही एकट्या घ्या आता." त्यांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाल्या, "मग माझंही राहिलं." किती हट्टी बाई! घंटा लावून दिली आणि पडले जरा. हल्ली कामावरून आले की डोळे मिटतात. सवय मोडलीय, होईल.

२४ फेब्रुवारी

डोकं ठणकतंय. टेस्टिंग रूममध्ये नवे दिवे लावलेत, त्यांचा झगझगाट असेल.

लिहू की नको असं वाटतंय, पण वही दवाखान्याची आहे, लाज कसली. लघवीचा रंग गडद आहे. कपात आला असता तर मी "तांबूस, जड, उजाळा नाही, जास्त वेळ उकळलेला" असा शेरा मारला असता. नव्या गोळ्यांचा असेल.

वहीत पंधराशे.

२८ फेब्रुवारी

कंपनीच्या जिन्यात डोळ्यांपुढे काळं आलं. कठडा धरून उभी राहिले. चष्मेवालीने पाहिलं. "ताई, बसा ना."

"बसतेच आहे दिवसभर. तुम्ही कप बघा."

घरी काही बोलले नाही. ब्लेंडला पंधरा दिवस राहिलेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि पाणी कमी असण्याचा प्रश्नच नाही, वही साक्षीला आहे.

सासूबाई आज माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून बघत होत्या. म्हटलं, काय बघताय? म्हणाल्या, "कापड." सोडली तेव्हा ती चिमटीसारखीच उभी राहिली, मग हळूहळू बसली. चौदा किलो उतरल्यावर कातडी सैल होणारच. ब्लाउज त्या उसवून देतायत तीन दिवस.

३ मार्च

भीतीही वाटतेय आणि रागही येतोय, आणि राग स्वतःचाच.

सकाळी लिंबाच्या पाण्याची बाटली घरी विसरले. दहाच्या सुमाराला दार उघडलं आणि सासूबाई, हातात बाटली घेऊन. दोन बस बदलून आल्या. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. मावशीने त्यांना स्टूल दिलं. मला वाटलं, बरं झालं, बघू दे सून काय करते ते. मी जरा जास्तच रुबाबात सुरुवात केली. फुर्र, टाळ्यावर, बादली. फुर्र, बादली. वीस कप झाले असतील.

"अगं," त्या म्हणाल्या, "हे थुंकतेस कशाला?"

चष्मेवाली तोंडावर हात धरून हसली. मी समजावलं, आई, प्यायले तर दहाव्या कपाला जीभ बधिर होईल, सगळे असंच करतात.

"सगळा थुंकतेस?"

"थोडा जातो ना पोटात. निम्मा तरी जातो."

"मोजलास?"

मी चमचा पुसायला घेतला.

"माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाहीत," असं म्हणून त्या मावशीकडे वळल्या. "दोन मापाची भांडी आहेत का हो?"

मावशीला असलं काही हवंच असतं. एका भांड्यात लिटरभर चहा ओतला, दुसरं कोरडं. सासूबाई मला म्हणाल्या, कर तुझं काम, पन्नास चमचे. मी केलं. फुर्र, भांडं. फुर्र, भांडं. आज सगळेच बघत होते, मालकसुद्धा दारात येऊन उभे राहिले. पन्नास झाले. चष्मेवालीने चष्मा वर करून आकडे वाचले. पहिल्या भांड्यातून गेले चारशे ऐंशी. दुसऱ्यात जमले पाचशे पाच.

"जास्त?" मालक म्हणाले.

"लाळ," मावशी म्हणाली. "मी रोज बादली उचलते, मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

म्हणजे पोटात काही जात नव्हतंच, उलट अंगातलं होतं तेही बादलीत जात होतं. आणि त्या सहाशेच्या भरवशावर मी घरचं पाणी पन्नास मापांवरून तिसावर आणलं होतं. जगभरचे चहा रंगावरून ओळखणारी मी, स्वतःचा रंग रोज बघून गोळ्यांवर ढकलत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सासूबाईंनी बाटली उघडून झाकणात पाणी ओतलं. मी प्यायले.

४ मार्च

उद्या तपासणी आहे. आज दिवसभर डोक्यात एकच चक्र. आजपासून नीट प्यायले तर दहा दिवसांत ठीक होईन. वही आहे तशी दाखवली तर कोणाला कळणार? सासूबाई चुगली करणार नाहीत. रकाने सुबक भरलेत, आकडे गोल आहेत, डाएटिशियन अंगठा दाखवेल, पंधरा तारखेला मी माझ्या खुर्चीत. आणि खरं सांगितलं तर सर्जन काय म्हणेल ते मला पाठ आहे. यंदाचं ब्लेंड दुसऱ्याच्या जिभेचं होईल. पुढच्या वर्षी लोक म्हणतील, त्या होत्या ना आधी, जाड्या बाई.

रडले. नवऱ्यासमोर रडले, त्याने फक्त रुमाल दिला आणि शेजारी बसून राहिला. त्याला कुठे बोलायचं नाही ते कळतं.

दुपारी लाल पेन शोधलं. चोवीस वर्षांत मी पडेल चहाला "बरा" असा शेरा दिलेला नाही. एकदा मालकांच्या मेव्हण्याच्या बागेचा माल होता, तरी नाही दिला. कपात आहे तेच लिहायचं, एवढी एकच अक्कल मला आहे. सोळा तारखेपासूनचे सगळे सहाशे खोडले. खाली खरी बेरीज लिहिली. एक हजार ऐंशी. नऊशे तीस. नऊशे. पान लालेलाल झालं.

सासूबाई मशीनवर होत्या. वर न बघता म्हणाल्या, "किती राहिली आजची?"

"चौदा."

मशीन थांबवून त्या मापं घेऊन आल्या.

५ मार्च

डाएटिशियनने लाल पानं उलटली, एकदा पुढून, एकदा मागून. म्हणाली, "पेशंट आकडे वाढवतात हे माहीत होतं. स्वतःहून कमी करून आणणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग रक्त तपासलं. किडनीवर ताण आलाय, अजून भरून निघण्यासारखा. सर्जनने दोन सलाईन लावायला सांगितल्या आणि महिनाभर घरी. पाच एप्रिलपर्यंत कामाचं नाव नाही. "अजून आठवडा असंच चाललं असतं तर आपण वेगळ्या खोलीत बोलत असतो," असंही म्हणाला.

सलाईन चालू असताना मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, तब्येत आधी. हे वाक्य माणसं पटकन म्हणतात, पण त्यांनी थांबून म्हटलं. फोन ठेवला आणि मला हुंदका आला. सासूबाई शेजारी बसून गुंड्या लावत होत्या.

"खुर्ची लाकडाची आहे," त्या म्हणाल्या. "कुठे पळून जाते?"

"आणि त्यात दुसरं कोणी बसलं तर?"

"बसू दे. बसल्यावर तिलाही कळेल, टोचते कुठे ते."

१५ मार्च

आज ब्लेंडचा दिवस. सकाळपासून घंटेप्रमाणे पाणी पीत होते आणि घड्याळाकडे बघत नव्हते, म्हणजे बघतच होते. अकरा वाजता बेल वाजली. दारात चष्मेवाली, हातात तीन पुड्या.

"ताई, तीन मिश्रणं काढलीत. एक मी निवडलंय. पण तुमच्या जिभेवरून गेल्याशिवाय मालकांना सांगायचा धीर होत नाही."

"कोणतं निवडलंत?"

"ते नाही सांगणार आधी."

मनातून एवढं बरं वाटलं की लाज वाटली. जेवणाच्या टेबलावर तीन कप केले. डाएटिशियनने चमचाभर चहाची मुभा दिली आहे आता. पहिला चमचा ओढला आणि सवयीने हात बाजूला गेला. तिथे सासूबाई उभ्या होत्या. "या घरात थुंकायचं नाही. गीळ."

गिळला. घोट घोट, सावकाश, केळ्याएवढ्या पोटात. चोवीस वर्षं मी चहा तोंडातच ओळखत आले, घशाखालचा चहा मला ठाऊकच नव्हता. जिभेवर तिसरा अव्वल होता. कडक, उजळ, एकदम माझ्या पद्धतीचा. पूर्वी डोळे झाकून तोच दिला असता. पण गिळल्यावर घसा कोरडा करून गेला. दुसरा तोंडात साधा वाटला, आणि गिळल्यावर बराच वेळ तिथेच थांबला, कोणी जायचं म्हणून उठून परत बसावं तसा. माणसं चहा गिळतात. विकत घेतात ती गिळायलाच.

तिसरा म्हटलं असतं तरी चाललं असतं, मालकांनी माझंच ऐकलं असतं.

"दुसरा," मी म्हणाले. "मी चुकले असते यंदा."

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. तिने दुसराच निवडला होता. जाताना वाकली, मी धरलं. "आता खुर्ची दोन इंच वर करून घ्या," म्हटलं. मला ते आवडलं नाही, पण खरं होतं म्हणून म्हटलं. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा मात्र हसू आलं. बरं वाटतंय. का ते नीट कळत नाही, पण वाटतंय.

पन्नास मापं, आणि वर तीन चमचे.

२३ मार्च

सासूबाई गेल्या. धाकट्या दिराकडे पाहुणे यायचेत, आणि मशीनचा पट्टा तिकडेच मिळतो. निघताना मी त्यांच्या पिशवीत माप ठेवलं, फोनमध्ये घंटा लावून दिली, जावेला फोनवर बजावलं की आई एकट्या असल्या की पाणी टाळतात, समोर बसावं लागतं. जाऊ म्हणाली, "कोण, आई?" आणि फोन कट झाला. तिकडे रेंजच नसते.

गाडी सुटेपर्यंत त्या माझ्या हाताची कातडी चिमटीत धरून होत्या. सोडली की लगेच सपाट. "बसलं बाई कापड," म्हणाल्या.

एक मात्र आहे, टाकी आता दिवसभर भरलेली राहते. प्लंबरने काहीतरी केलंच असणार, पण कबूल करत नाही.

६ एप्रिल

कामावर. टेबलाला दोन खुर्च्या आहेत आता. मी माझी निवडली, ती तिची. नव्या ब्लेंडची खोकी भिंतीला लावून ठेवलीत. एकशे दहा कप झाले, सगळे बादलीत, आणि वहीत त्यांची नोंद शून्य. मावशीने मला न विचारता माझ्या बाजूला एक स्टूल मांडलं आणि त्यावर पाण्याची बाटली.

पावणेबाराला एका कपावरून दुसऱ्यावर जाताना काहीतरी झालं. घसा ओढल्यासारखा वाटला. आधी घाबरले. मग लक्षात आलं की हे काय आहे. घंटा झाली नव्हती, समोर कोणी बसलं नव्हतं, वही पिशवीत होती. तीन महिन्यांनी मला तहान लागली होती.

चमचा खाली ठेवला आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन आधी फोन लावला. जावेने उचलला. म्हणाली, "थांबा हं वहिनी, आईंनी पाण्याचा जग तोंडाला लावलाय. तो संपल्याशिवाय त्या कोणाशी बोलत नाहीत, आजचं नाही, लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय."

म्हातारपणी का होईना, माझ्या शिस्तीचा गुण आला म्हणायचा. जावेला काय, ती वाढवून चढवून सांगते.

मग त्या आल्या, जरा धापा टाकत. मी म्हणाले, "आई, मला तहान लागली."

पलीकडे नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"लागली ना? मग फोन काय करत बसलीस," त्या म्हणाल्या. "आधी पी."

मी आत जाऊन प्यायले.